वरातीमागून आत्याबाई

उंची पाच फूट एक इंच, वजन पन्नास किलो आणि नाव वाटाणा. खरं नाव जॉकीच्या लायसन्सवर होतं आणि लायसन्स घरी पत्र्याच्या डब्यात होतं, त्यामुळे ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. बायको भरल्या अंगाची, उंच, दारातून जाताना डोकं वाकवणारी. दोघं रस्त्याने निघाली की लोक म्हणत, "चालली बघा घागर आणि वाटी." वाटाण्याला राग येत नसे. तो म्हणे, "घागरीत पाणी असतं म्हणून वाटी भरते, कळलं?"

बावीस वर्षं तो शर्यतीचे घोडे पळवत होता. मोडलेली हाडं मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नसत, शिवाय त्यातली तीन बोटंही मोडलेलीच होती. दोनदा गळ्याजवळचं हाड गेलं, एकदा घोटा. एका वर्षी तर वजनाने असा दावा साधला की सबंध हंगाम त्याने उकडलेल्या अंड्यावर आणि काकडीच्या चार चकत्यांवर काढला. रात्री बायकोला झोपेत विचारी, "कुणीतरी काही तळतंय का गं?" पण दर वेळी तो उठला. हाड सांधतं, भूक सरते, घोडा पुन्हा दारात उभा राहतो.

प्लास्टर घालता येत नाही असं एकच काहीतरी त्याचं मोडलं, ते गेल्या हंगामात. तेही घोड्यावरून न पडता.

झालं असं. रेसकोर्सवर प्रेक्षकांसाठी नवा सज्जा बांधला, म्हणून शर्यत संपायचा खांब शंभर मीटर पुढे नेला. जुना खांब मात्र कुणी काढलाच नाही. पांढरा रंग, वर लाल चकती, जसाच्या तसा उभा. वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत होती आणि वाटाणा तीन घोड्यांच्या अंतराने पुढे होता. कानात वारा, पोटात साखर. लाल चकती आली, मागे पडली, आणि तो रिकिबीत ताठ उभा राहिला. लगाम सैल सोडला, घोड्याची मान थोपटली, टोपी काढून लोकांना हात केला. तेवढ्यात बाजूने तीन घोडे धडाडत निघून गेले. आपलं अभिनंदन करायला आले असतील असं वाटून त्याने त्यांनाही हात केला.

खांब अजून शंभर मीटर पुढे होता.

पंचांनी तीस दिवस घरी बसवलं. ते तीस दिवस संपले, पण लोकांचे काही संपेनात. भाजीवाली म्हणे, "दादा, इथे नका थांबू, दुकान अजून पुढे आहे." बसमध्ये कंडक्टर ओरडे, "ओ जॉकी, उतरू नका, स्टॉप यायचाय!" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण तर त्याच्यामागे अशी लागली जशी ओल्या पायाला माती. हसण्यावारी नेता आलं ते त्याने नेलं. पण घोड्यांचे मालक हसत नव्हते. ते नुसते दुसऱ्या जॉकीकडे जात होते. नऊ महिने झाले, वाटाण्याला शर्यतीत एक घोडा मिळाला नाही. पहाटे पागेत जाऊन दुसऱ्यांचे घोडे फिरवून आणायचे, घाम पुसायचा आणि घरी यायचं.

घरी बायकोचं शिवणाचं दुकान. पुढच्या खोलीत दोन मशीनं आणि मधे सॅटिनच्या ताग्यांचा डोंगर. घोडेमालकांचे रंग ठरलेले असतात, आणि त्या रंगांचे जॉकीचे सदरे सगळे तिच्याच हातचे. पिवळ्यावर काळे ठिपके, निळ्यावर गुलाबी पट्टा, हिरव्या बाह्या. ज्या सदऱ्यांत आता तो नव्हता तेच सदरे तो मांडीवर घेऊन काजं करी. आणि काजं कशी? त्याच्या काजातून बटण जात असे, परत येत नसे.

"हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत बघतो," एक दिवस सुई दातांत धरून तो म्हणाला. "घोडा मिळाला नाही, किंवा मिळून मी तो वाया घालवला, तर बूट खुंटीला. मग मी पूर्णवेळ तुझ्याकडे."

"माझ्याकडे? आणि तुझं काय वाकडं केलंय मी?" बायकोने मशीन थांबवलं. "हे काज बघ. हे काज आहे की बोगदा?"

तो हसला, तीही हसली. पण मशीन पुन्हा चालू करायला तिला जरा वेळ लागला. पायडलवर पाय ठेवून ती त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. घोड्यावर ही मान अशीच वाकायची, पण तेव्हा ती धनुष्यासारखी दिसायची.

शेवटच्या दिवसाला नऊ दिवस उरले तेव्हा आत्याबाई आली.

आत्याबाई म्हणजे घोडी. कागदावर तिचं नाव मोठं आणि परदेशी होतं, पण पागेत सगळे तिला आत्याबाईच म्हणत. काळसर तपकिरी, सात वर्षांची, कपाळावर पांढरा ठिपका आणि तोंडावर कायम भाव असा की लग्नघरात आपल्याला कुणी नीट विचारलं नाही. तिची मालकीण दातांची डॉक्टर, आता निवृत्त झालेली. पण सवय सुटत नव्हती. कुणी समोर आलं की आधी दातांकडे बघे. वाटाण्याला म्हणाली, "तोंड उघड बघू. हं. खालची दाढ घोड्याने पाडली ना?"

"दोन घोड्यांनी, डॉक्टरीणबाई. एकाने हलवली, दुसऱ्याने काढली."

ट्रेनरकाका शेजारी उभे होते. सत्तरी उलटलेली, एक कान बहिरा, आणि तो कुठला ते त्यांच्या सोयीवर. ते म्हणाले, "वाटाण्या, खरं सांगतो. पाच जॉकींनी हिला सोडलंय. पळते वाऱ्यासारखी, पण पुढे गेली की हिचं काम संपलं. समोर शेपूट दिसेनाशी झाली की कान टवकारते आणि लोक बघत उभी राहते. चाबूक लावला तर तिरकी चालते. हिलाही शर्यत कुठे संपते ते कळत नाही आणि तुलाही. म्हटलं, पत्रिका जुळतेय."

"चालेल," वाटाणा म्हणाला.

"अरे, आधी ऐकून तरी घे."

"ऐकलं. चालेल."

आठ दिवस तो पहाटे तिच्या पाठीवर होता. पहिल्या दिवशी तिने त्याला गवतात टाकलं आणि वर वाकून बघितलं, जणू विचारत होती, तुझंच पडलं का हे? तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की ती आळशी नाही. आळशी घोडा मांडीखाली जड लागतो, ही तर मांडीखाली उकळत असे. चौथ्या दिवशी त्याने तिला मुद्दाम सगळ्यांच्या पुढे जाऊ दिलं आणि काहीच केलं नाही, नुसते तिचे कान बघितले. कान उभे राहिले, सैल झाले, आणि तिच्या अख्ख्या अंगातून एक समाधानाचा सुस्कारा निघाला. तो सुस्कारा वाटाण्याला ओळखीचा वाटला. लाल चकतीपाशी रिकिबीत उभं राहताना त्याच्या अंगातून निघालेला तोच. त्या दिवशी त्याला कुणी मूर्ख म्हटलं, कुणी बेफिकीर. पण तो बेफिकीर नव्हता. त्याचा आनंद त्याच्यापेक्षा शंभर मीटर पुढे पळाला होता, इतकंच. हिचंही तेच. बिचारीला आनंद लवकर होतो.

त्याने काकांना सांगितलं, "ही हट्टी नाही हो. ही सुखी आहे."

"मग सुख जरा उशिरा द्यायला शीक," काका म्हणाले. "हिला वरातीमागून आणायची. अगदी मागून. आणि खांबाच्या नाकावर पुढे काढायची. आधी नाही, नंतर नाही."

तेव्हापासून पहाटेच्या फेरीत, दव पडलेल्या गवतावर, दुसऱ्या घोड्यांच्या शेपटांमागून जाताना तो तिच्या मानेवर वाकून गुणगुणे:

पुढल्या धुळीला | जाऊ दे पुढं बाई
मागल्या पावलाला | आपल्या घाई नाही

घोडीला शब्द कळत होते की नाही, देव जाणे. पण तिचा एक कान मागे वळून त्याच्या तोंडाशी येई आणि गाणं संपेपर्यंत तिथेच राही.

शेवटचा दिवस उजाडला. बायकोने डॉक्टरीणबाईंच्या रंगाचा सदरा शिवला होता. पांढरा, त्यावर लाल चौकट. काजं तिने स्वतः केली होती. सदरा देताना ती म्हणाली, "मापाने एक सूत सैल ठेवलाय. श्वास घेता यावा म्हणून."

"आणि वाया गेलं तर?"

"तर माझं दुकान वाया जाईल. म्हणून सांगते, नीट चालव."

शर्यत मैलाची, घोडे आठ. फाटक उघडलं आणि आत्याबाई नाराजीने बाहेर पडली, सगळ्यांच्या शेवटी. हेच हवं होतं. वाटाण्याने तिला कुंपणाकडेने आणून एका करड्या घोड्याच्या मागे लावलं. करड्याची शेपूट लांब, झुपकेदार, अशी की बघत राहावं. आत्याबाई बघत राहिली. पहिलं वळण गेलं, मागची सरळ वाट गेली. खुरांनी उडालेली माती त्याच्या चष्म्यावर पट्‌पट्‌ आपटत होती. एक घोडा थकला, त्याला मागे टाकलं. दुसरा थकला, त्यालाही, असं करत सगळेच मागे पडले. करडा आता पहिला होता आणि त्याच्या मागे ती. हिशेब असा होता की करड्याने खांबापर्यंत ओढून न्यायचं आणि शेवटच्या दोन ढांगांत हिने डोकं पुढे काढायचं.

पण करड्याला हा हिशेब कुणी सांगितला नव्हता. सरळ वाटेला लागल्यावर, शेवट दोनशे मीटरवर असताना, त्याचा दम सुटला. शेपूट एकदम खाली आली, मग बाजूला आली, मग मागे गेली.

आत्याबाई सगळ्यांच्या पुढे. समोर नुसतं मोकळं गवत आणि डावीकडे हजारो माणसं.

कान उभे राहिले. वाटाण्याच्या मांडीखाली तो सुस्कारा सुरू झाला.

मागून खुरांचा आवाज आला. तांबडा घोडा, पाठीवर सध्याचा पहिल्या नंबरचा जॉकी, चाबूक फिरवत येत होता. आणि समोर, अगदी समोर, पांढरा खांब आणि लाल चकती. जुना खांब.

सज्ज्यातली माणसं उठून उभी राहिली. त्यांना माहीत होतं हा कोण आणि ही जागा कुठली. "मार! मार!" अशी ओरड उठली. हात हलव, चाबूक काढ, टाच मार, काहीतरी कर म्हणजे तू जागा आहेस हे आम्हाला दिसेल! वाटाण्याच्या हातांनाही तेच हवं होतं. नऊ महिने ते हात दाखवायला तडफडत होते की बघा, मी थांबलेलो नाही. पण चाबूक लावला की ही तिरकी जाते. आणि हिला पुढे काढत राहिलं की ही अजून सुखी होते. हिला पळवायला एकच गोष्ट लागते, पुढे कुणीतरी.

त्याने हात थांबवले.

लाल चकतीच्या बरोबर समोर, जिथे गेल्या वर्षी तो उभा राहिला होता तिथेच, तो घोडीच्या मानेवर निश्चल बसला. घोडीला हलकेच आतल्या बाजूला घेतलं आणि तांबड्याला शेजारून जायला मोकळी जागा दिली.

"झोपला! परत झोपला!" हजार गळ्यांतून हसू आणि शिव्या एकत्र आल्या. सज्ज्याच्या पहिल्या रांगेत ट्रेनरकाकांनी दोन्ही कान बहिरे करून घेतले. डॉक्टरीणबाईंनी जबडा घट्ट मिटला. बायकोने मात्र डोळे मिटले नाहीत. ती त्याच्या मानेकडे बघत होती, आणि मान धनुष्यासारखी होती.

तांबडा बाजूला आला. त्याचं नाक आत्याबाईच्या खांद्याशी, मग मानेशी, मग तिच्या नाकाच्या पुढे. अर्धं अंग पुढे. आणि जाता जाता त्याची शेपूट तिच्या तोंडासमोर एकदा झटकली गेली.

आत्याबाईचे कान मागे गेले. सपाट, मानेला चिकटून. हिच्यासमोरून? न विचारता?

वाटाण्याने हात सोडले. पुढचं त्याला नंतर आठवलं ते एवढंच की खालची जमीन कुणीतरी चादरीसारखी ओढून घेतली. तांबड्याचं खोगीर आलं, मान आली, नाकपुडीतली लाली आली. खांब आला आणि गेला.

तो थांबला नाही. वळण आलं तरी थांबला नाही. वाकून, हात चालवत, घोडी पळवत तो रेसकोर्सच्या पार दुसऱ्या टोकाला निघाला, जिथे फक्त गवत कापायचं यंत्र उभं असतं. मागून पहिल्या नंबरचा जॉकी घोडा दामटत ओरडत आला, "अरे थांब! संपली!"

"कुठला खांब गेला?"

"दोन्ही! दोन्ही गेले, बाबा! आता कुंपण आहे!"

सबंध सज्जा हसत होता. पण हे हसणं वेगळं होतं. या हसण्यात त्यालाही जागा होती.

फोटो बघितला गेला. आत्याबाई नाकाने पुढे. नाक म्हणजे तरी किती, करंगळीच्या दोन पेरांएवढं. टोप्या उडाल्या, डॉक्टरीणबाई सगळे दात दाखवून ओरडल्या, आणि तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला: निकाल राखून ठेवला आहे. जॉकीने पंचांसमोर हजर व्हावं.

पंचांच्या खोलीत लांब टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर पडदा. वाटाणा चिखलाने माखलेल्या बुटांसकट उभा राहिला. पडद्यावर तो स्वतः दिसत होता, लाल चकतीसमोर, दगडासारखा बसलेला.

"नियम तुम्हाला माहीत आहे," मधले पंच म्हणाले. "जॉकीने शेवटपर्यंत जिंकायचा प्रयत्न केला पाहिजे. शंभर मीटर आधी तुमचे हात थांबलेत. मागेही एकदा थांबले होते."

"हो साहेब. मागे चुकून थांबले होते. आज थांबवले."

"का?"

"पुढे गेली की ती खूश होते. खूश झाली की पळत नाही. तिला राग यायला हवा होता, आणि माझा राग तिला येत नाही. म्हणून त्या तांबड्याला पुढे जाऊ दिलं."

उजवीकडच्या पंचबाईंनी चष्मा वर केला. "आणि तिला राग आलाच नसता तर?"

वाटाणा म्हणाला, "तर बाई, तुम्ही हेच 'का?' विचारलं असतं आणि मी हेच उत्तर दिलं असतं. पण तुम्हाला ते खोटं वाटलं असतं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. फिल्म पुन्हा लावली, या वेळी सावकाश. शेपूट झटकली गेली, कान सपाट झाले, आणि कान सपाट व्हायच्या क्षणीच दोन हात पुढे गेले, एका श्वासाचंही अंतर न राहता. पंचबाई पुटपुटल्या, "थांबवा. परत दाखवा. अहो, हे बघा तरी." तिसऱ्यांदा बघताना मधले पंच हसू दाबत होते.

"नोंदीत काय लिहायचं आम्ही?" त्यांनी विचारलं.

"लिहा, घोडीचा राग येईपर्यंत वाट बघितली."

"निकाल कायम," पंच म्हणाले, आणि तेच वाक्य खरोखर कागदावर लिहिलं.

बाहेर बोळात बायको उभी होती. तिने त्याचा चेहरा बघितला आणि त्याला काखेत हात घालून सरळ उचललं. तो जमिनीपासून हातभर वर लोंबकळत म्हणाला, "अगं, लोक बघतायत."

"बघू देत. नऊ महिने बघितलं त्यांनी, अजून एक मिनिट बघू देत."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो सवयीने पागेत गेला, तर फाटकाशी गर्दी. तीन ट्रेनर, एक मालक, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घरात वेडं माणूस असलेल्याची लाज.

"वाटाण्या, पुढच्या हंगामासाठी माझा एक बघशील? पळतो छान, पण स्वतःच्या सावलीला घाबरतो."

"माझा उजवीकडे वळतच नाही."

"माझी चावते. घोड्यांना नाही, फक्त ट्रेनरला."

"ती शहाणी आहे," ट्रेनरकाका म्हणाले. हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

चौथा, म्हणजे तो मालक, मागे संकोचून उभा होता. त्याच्या हातात एका उंच पांढऱ्या घोड्याची दोरी. "माझा ना... फाटकाबाहेर पडतच नाही. मागून चार माणसांनी ढकललं तरी."

"तो आधी घेतो," वाटाणा म्हणाला आणि उडी मारून वर बसला.

पांढरा घोडा फाटकापर्यंत आला आणि उभा राहिला. चारही पाय जमिनीत खिळ्यासारखे. गर्दी थोडी थांबली, मग कंटाळून पांगली. ऊन हळूहळू पागेच्या कौलांवरून खाली उतरलं. खांद्यावर पिवळ्या सॅटिनचा तागा घेऊन बायको दुकानाकडे चालली होती. तिने फाटकाच्या पलीकडून विचारलं, "काय रे, निघत नाही?"

"निघेल."

"कधी?"

"विचारलंय त्याला. सांगतो म्हणालाय."

तिने तागा दगडी कठड्यावर ठेवला, दुकानाची किल्ली कमरेला खोचली आणि शेजारी टेकून बसली. वाटाणा घोड्याच्या मानेवर हात ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत होता. घोडाही त्याच रस्त्याकडे बघत होता. खूप वेळाने त्याने पुढचा उजवा पाय उचलला, हवेतच धरला, आणि विचार करत राहिला.